रत्नाकाकूंची कोरी नळी

…आणि वर मलाच म्हणतात, "शैलेंद्र, पान दिसतंय ना? मग झालं!" अरे, काय झालं? कुणाचं झालं? टीममध्ये नवीन आलेली मंडळी, बॅगेवरचा विमानाचा टॅग अजून फाडलेला नाही, सर्व्हरवर कंटेनर इन्स्टॉल करतात, ब्राउझर उघडतात, स्वागताचं पान आलं की खुर्ची मागे ढकलून जेवायला मोकळे! मी म्हटलं, बाबांनो, नीट चेक केलंत का? तर म्हणे, दिसतंय ना, मग झालं! तुम्हाला सांगतो, हे चार शब्द कुणी उच्चारले ना, की माझ्या डोळ्यांपुढे २००३ सालचा फेब्रुवारी उभा राहतो, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि फोनवर रत्नाकाकू… "दिसतंय रे, पण कुणाचं दिसतंय?"

रत्नाकाकू कोण माहीत नाही? डब्लिनच्या हो! आयर्लंडचं नव्हे, आपलं ओहायोचं डब्लिन, कोलंबसला चिकटलेलं. रत्नाकाकू आणि प्रल्हादकाका. त्या काळी कोलंबसच्या विमानतळावर उतरलेला एकही मराठी माणूस त्यांच्या बेसमेंटमध्ये झोपल्याशिवाय पुढे गेलेला नाही! मीही दोन आठवडे होतो. काका स्वतः घ्यायला यायचे, ती लांबलचक तपकिरी गाडी घेऊन, आणि वाटेत प्रत्येक पुलाखाली गाडी हळू करून सांगायचे, "हा पूल मी तपासलाय." अख्खी नोकरी पूल तपासण्यात गेली ना त्यांची! आणि घरी पोचलं की काकू आधी पाणी, मग जेवण, आणि मग हातात कॉलिंग कार्ड, त्यावरचा नंबर आधीच खरवडून ठेवलेला… "आईला फोन कर. पोचलो म्हण. रडू नकोस, मिनिटं फुकट जातात." आता कुठे राहिली अशी माणसं? आता सगळ्यांना जीपीएस आणतो घरी!

तर काकू. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, रिटायर झाल्या, आणि एकसष्टाव्या वर्षी, संक्रांतीच्या जेवणाला आठ माणसं बसलेली असताना जाहीर केलं, "मी कम्युनिटी कॉलेजात जावा प्रोग्रॅमिंगचा क्लास लावलाय. दर गुरुवारी, साडेसहा ते साडेनऊ." आणि काका हसले. साधे नाही हो, मांडीवर थाप मारून! "अगं, व्हीसीआरचं घड्याळ गेली सहा वर्षं बारावर लुकलुकतंय, ते आधी लाव!" आठही माणसं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? काकूंनी सगळ्यांना गुळपोळी वाढली, पण काकांच्या पोळीवर तूप घालायचं विसरल्या. विसरल्या म्हणजे… समजलात ना तुम्ही.

गंमत नव्हती हो ती त्यांच्यासाठी. काकू नागपूरच्या, केमिस्ट्रीत एमेस्सी करत होत्या, सगळं अर्धं झालेलं, आणि सत्तर साली लग्न ठरलं, व्हिसा आला, चला! ती प्रयोगांची अर्धी भरलेली वही त्यांनी साडीत गुंडाळून अमेरिकेला आणली होती. एकदा मला दाखवली. म्हणाल्या, "शैलेंद्र, आयुष्यात एक गोष्ट अर्धी सोडली, तेवढी पुरे."

बरं, क्लास सुरू झाला. वीस-बावीस वर्षांची अकरा पोरं आणि पहिल्या बाकावर कार्डिगन घालून काकू. शिकवणाऱ्याला पोनीटेल, म्हणून काकू त्यांना 'शेंडीवाले मास्तर' म्हणायच्या. मास्तर चांगले होते, पण घाई! चौथा धडा आला, कंटेनरचा. आता कंटेनर म्हणजे काय, तर पंगतीतला वाढपी समजा. तुम्ही प्रोग्राम लिहिला म्हणजे स्वयंपाक केला, पण तो ब्राउझरच्या पानात वाढणार कोण? तर हा. पुस्तकाच्या पाठीमागच्या खिशात सीडी, ती घालायची, कंटेनर इन्स्टॉल करायचा, चालू करायचा, आणि मग ब्राउझरमध्ये स्वतःच्याच मशीनचा पत्ता घालून आठ शून्य आठ शून्य नंबरचं दार ठोठवायचं. त्याचं स्वागताचं पान आलं, की कंटेनर नीट बसला. बस्स! एवढीच परीक्षा!

काकूंनी कशी केली असेल? लॅबमधल्यासारखी! वही काढली, तारीख, वेळ, पायरी पहिली, पायरी दुसरी… 'कंटेनर चालू केला. काळी खिडकी उघडली, क्षणात मिटली. पत्ता टाकला. पान आलं.' मला फोन. "शैलेंद्र, ती काळी खिडकी मिटली ते बरोबर आहे का रे?" आणि मी काय म्हणालो असेन? तुम्हाला सांगायला लाज वाटते. म्हणालो, "होतं हो काकू तसं कधीकधी. पान दिसतंय ना? मग झालं!"

पुढचा गृहपाठ… स्वतःचं पान. आपण लिहिलेला छोटासा प्रोग्राम कंटेनरमध्ये ठेवायचा आणि ब्राउझरमध्ये आणून दाखवायचा. काकूंनी लिहिलं, 'नमस्कार, मी रत्ना', इंग्रजी अक्षरांत, तेव्हा कुठले मराठी फॉन्ट! पत्ता टाकला. 'सापडत नाही.' पुन्हा टाकला. 'सापडत नाही.' स्वागताचं पान? ते ठणठणीत! काकूंचं पान? सापडत नाही! एक दिवस, दोन दिवस, आठवडा… मास्तरांना विचारलं. मास्तर शेंडी मागे टाकून म्हणाले, "वेलकम पेज दिसतंय? देन द कंटेनर इज फाइन! तुमच्या प्रोग्राममध्ये चूक आहे." मुलाला, ईशानला, फ्रीमाँटला फोन केला. तो गाडीत, फ्रीवेवर. "मॉम, यू सी द पेज, राइट? सो इट्स वर्किंग. इट्स युअर कोड, मॉम." मला केला. मी म्हटलं, काकू, प्रोग्राम वाचून दाखवा. आणि मग, तुम्हाला सांगतो, दीड तास फोनवर… "पब्लिक, मग जागा, मग क्लास, मग माझं नाव, मग तो महिरपीसारखा कंस उघडला…" "काकू, तो बंद कुठे केला?" "थांब, शोधते… हा काय, शेवटून दुसरा." मंगळागौरीचं गाणं ऐकावं तसा प्रोग्राम ऐकला हो मी! एकही चूक सापडली नाही. पण म्हणालो काय? "असेल काहीतरी बारीक. कंटेनर तर ठीक आहे. पान दिसतंय ना…"

सगळे एकच! आणि त्या एकाच वाक्याने बाईचं काय होत होतं, ते कुणाच्या लक्षातच येईना. कारण कंटेनर ठीक, म्हणजे चूक काकूंची! अठ्ठावीस वर्षांत ज्या बाईचा एक रिपोर्ट चुकला नाही, ती आता स्वतःचं नाव टाईप करताना तीनदा बघायला लागली. मास्तरांनी मुदत दिली होती, पुढच्या गुरुवारी ज्याचं पान दिसणार नाही, त्याने क्लास सोडावा, उगाच मार्कशीटवर डाग नको. काका रोज जेवताना म्हणायचे, "सोड गं. या वयात डोक्याला ताप कशाला? गुरुवारी निवांत टीव्ही बघू." काकूंनी नाव काढून घ्यायचा फॉर्म आणला. भरला. सही तेवढी ठेवली होती.

आणि सहीसाठी पेन शोधताना ड्रॉवरमधून जुन्या लॅबचा बिल्ला हाताला लागला. त्यावरून त्यांना आठवली १९७४ सालची गोष्ट, मला त्यांनी ती पुढे निदान बारा वेळा सांगितली असेल. लॅबमध्ये साखरेची तपासणी चालायची. नळीत रक्ताचा अंश घ्यायचा, औषध घालायचं, रंग आला की साखर आहे, जितका गडद रंग तितकी जास्त. एका सकाळी सगळ्यांचीच साखर जास्त! मोठे डॉक्टर म्हणाले, "रंग येतोय ना? मग लिहा रिपोर्ट!" आणि ही नवी, सावळी, साडी नेसून येणारी, मोडकं इंग्रजी बोलणारी टेक्निशियन म्हणाली, "थांबा." एक नळी घेतली, त्यात रक्तच घातलं नाही. नुसतं पाणी आणि औषध. कोरी नळी! तिला रंग यायलाच नको… आणि आला! म्हणजे औषधच नासलेलं! त्या दिवशी अकरा माणसं नको त्या इंजेक्शनांपासून वाचली. "शैलेंद्र," काकू म्हणायच्या, "आहे ते दिसतंय, हा अर्धा पुरावा. नाही तेव्हा दिसत नाही, हा उरलेला अर्धा."

झालं! फॉर्म बाजूला. काकूंनी कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा चालू केला. कंटेनर चालूच केला नाही, हात नाही लावला. वहीत लिहिलं, 'कोरी नळी.' ब्राउझर उघडला, पत्ता टाकला…

पान हजर! हसतमुख! स्वागत असो!

मला ऑफिसात फोन. आवाज असा, जसं घरात कुणी शिरलंय. "शैलेंद्र, मी काहीच चालू केलेलं नाही, आणि पान दिसतंय."

"काकू, दिसतंय ना? मग…"

"खबरदार!"

तुम्हाला सांगतो, मी खुर्चीत सरळ झालो. म्हटलं, बरं, ब्राउझर जुनं पान साठवून ठेवतो, ते साफ करा. केलं. पान दिसतंय! मग काकूंनी काय करावं? कंटेनरचा अख्खा फोल्डर उचलला आणि टाकला पुसून! समूळ! आता मशीनवर कंटेनरच नाही. पत्ता टाकला… पान दिसतंय! "अरे," काकू कुजबुजल्या, "वाढपी मी घरी पाठवला. मग हे वाढतंय कोण?"

आता मात्र माझीही टरकली यार! शनिवारी सकाळी बर्फ खरवडून गाडी काढली आणि गेलो. काका गॅरेजात काहीतरी ठोकत होते. गेला महिनाभर ते छपराच्या गटारांच्या मागे लागले होते, काहीही विचारा, "गटर रिपेअर बघतोय इंटरनेटवर." काकूंनी चहा दिला, मी कॉम्प्युटरसमोर बसलो, आणि मशीन चालू होताच आपोआप जे जे प्रोग्राम सुरू होतात, त्यांची यादी उघडली. वरून खाली बघत आलो… आणि थांबलो. कंटेनर! तोच, त्याच सीडीवरचा, मशीन सुरू झाल्यापासून चालू! दुसराच! आठ शून्य आठ शून्यच्या दारात हा आधीच ठाण मांडून बसलेला, म्हणून काकूंचा बिचारा आला की दार बंद बघून मरायचा. ती काळी खिडकी मिटत होती ना, ती त्याची शेवटची उचकी होती हो! आणि काकूंचं पान काकूंच्या वाढप्याकडे, दारात उभा भलताच, त्याला ते सापडणार कसं? चूक काकूंच्या प्रोग्राममध्ये नव्हतीच. कधीच नव्हती.

"कुठे ठेवलाय तो?" काकूंनी विचारलं. मी फोल्डरचं नाव वाचलं.

'गटर रिपेअर.'

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "उघड."

आत सतरा पानं. गुरुवारच्या तारखा, संध्याकाळच्या वेळा. मी एकेक ब्राउझरमध्ये उघडत गेलो, आणि ती, तुम्हाला सांगतो, फाडफाड उघडत होती. एकेका पानावर एकेक ओळ, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'नमस्कार, मी प्रल्हाद.' 'रत्ना क्लासला गेली.' 'सात वाजून चाळीस मिनिटं झाली.' 'भात गार झाला.' 'घरात फ्रिजचा आवाज येतो, हे माहीत नव्हतं.' 'नऊ वाजले, अजून अर्धा तास.' …मी पुढचं पान उघडायचा थांबलो. मला वाटलं, हे माझ्यासमोर उघडायला नको. काकू म्हणाल्या, "थांबलास का?" आणि सतराच्या सतरा वाचली.

मग गॅरेजचं दार उघडून म्हणाल्या, "अहो, जरा आत या."

काका आले. हातात हातोडा, टोपीवर बर्फ. स्क्रीनकडे बघितलं. आणि पूल तपासणारा तो सहा फुटी माणूस कानापर्यंत लाल! "नाही म्हणजे… लायब्ररीतून तेच पुस्तक आणलं. म्हटलं बघावं जरा. तू घरी येऊन कायकाय शब्द बोलायचीस, मला एक कळायचा नाही. तीस वर्षं या देशात सगळं मी तुला समजावून सांगितलं, गाडी, टॅक्स, फुटबॉल… आणि आता माझ्याच घरात मला परकी भाषा."

"आणि तो आपोआप चालू व्हायला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"चौकट होती ना तिथे! मी टिक केली. तपासणीच्या फॉर्मात चौकट रिकामी ठेवायची नसते!"

"तुमचं पान पहिल्याच दिवशी आलं?" काकू.

"हो."

"आणि मी तीन आठवडे रडतेय, आणि तुम्ही म्हणताय सोड?"

काका हातोड्याकडे बघत राहिले. "मला काय माहीत, माझ्यामुळे अडलंय? मला वाटलं, तू सोडलंस… तर गुरुवारी घरी असशील."

खरंच फ्रिजचा आवाज यायला लागला हो! मी खिडकीबाहेरचा बर्फ असा बघत होतो, जसा आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. शेवटी काकूंनी तो भरलेला फॉर्म उचलला आणि काकांच्या पुढे धरला. "मग? करू सही?"

"नको," काका म्हणाले.

"का? गुरुवारी निवांत टीव्ही बघू की."

"नको म्हणतो ना! मला सहावा धडा कळत नाहीये. तो कोण समजावणार?"

आणि काकू हसल्या! त्या हसतायत की रडतायत हे बघायला मी मान वर केली नाही, पण आवाजावरून हसत होत्या. त्यांनी फॉर्मचे चार तुकडे केले, काकांच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि म्हणाल्या, "आधी तुमचा वाढपी माझ्या दारातून हलवा." मग काकांनी चष्मा लावला, आणि पुलाचा खांब हलवावा इतक्या गांभीर्याने स्वतःच्या कंटेनरला एक घर पलीकडे, आठ शून्य आठ एकला नेऊन बसवलं. काकूंनी आपला पुन्हा इन्स्टॉल केला. चालू केला. काळी खिडकी उघडली… आणि उघडीच राहिली! पत्ता टाकला. 'नमस्कार, मी रत्ना.' पहिल्या फटक्यात! मी टाळ्या वाजवल्या, काकांनी हातोडा टेबलावर आपटला, म्हटलं, झालं एकदाचं, पान दिसतंय!

"थांबा," काकू म्हणाल्या. कंटेनर बंद केला. पुन्हा पत्ता टाकला. स्क्रीनवर ती पांढरी, रुक्ष, सगळ्या जगाला नको असलेली एररची ओळ… 'पान दाखवता येत नाही.' आणि काकू उठल्या, टाळ्या वाजवत अक्षरशः फुगडीची गिरकी घेतली! "नाही दिसत! बघा, नाही दिसत!" काका मला म्हणाले, "तेहतीस वर्षं झाली लग्नाला. हिला एवढी खूष मी आज बघतोय, तीही एररवर."

गुरुवारी क्लासात मास्तर म्हणाले, "पान दिसतंय, गुड, यू आर डन." काकू म्हणाल्या, "नो सर, हाफ डन," आणि बंद करून दाखवलं. आणि मास्तरांच्या पुढच्या टर्मच्या छापील कागदावर एक ओळ वाढली, 'आता बंद करा, आणि ते जातंय का बघा.' त्या टर्मला पहिल्या बाकावर दोघं होते. येता-जाता तपकिरी गाडी, काका चालवणार आणि काकू शेजारी बसून सहावा धडा सांगणार. पुढे काकूंनी गावातल्या लायब्ररीची पानं सांभाळायची नोकरी केली, चार वर्षं, आणि दुसऱ्यांदा रिटायर झाल्या, पुन्हा केक, पुन्हा भाषण.

दिवस होते हो ते! यंदा मार्चमध्ये त्यांनी घर विकलं आणि फ्रीमाँटला ईशानच्या टाउनहाउसजवळ राहायला गेले. मी परवा त्या रस्त्यावरून मुद्दाम गाडी नेली. ड्राइव्हवेत कुणाची तरी निळी व्हॅन, बेसमेंटच्या खिडकीला नवा पडदा. हळू केली गाडी, थांबवली नाही. थांबून सांगणार काय, आणि कुणाला?

पण काकूंनी तिकडेही काहीतरी शिकायला घेतलंय, रोज सकाळी बाहेर. आणि काका घरी. गेल्या सोमवारी मी ऑफिसच्या कॉलवर, चौदा माणसं लाइनवर, नवीन सिस्टिम चालू करायची वेळ, सगळ्यांचा जीव मुठीत… आणि दुसऱ्या कानाला सेलफोन, त्यावर काका. "शैलेंद्र, चतुर्थी आहे, रत्ना क्लासला गेलीये, मी साबुदाणा भिजत घातलाय. चिमटीत दाबला तर आत टणक लागतो. काय करू?" तेवढ्यात इकडून मॅनेजर, "शैलेंद्र, आर वी गुड टु गो?" आणि तुम्हाला सांगतो, माझी कानांची गल्लत झाली. मी ठणकावून मॅनेजरलाच सांगितलं, "नो, नो! इट इज स्टिल हार्ड इनसाइड! वेट हाफ ॲन अवर मोर!"

आणि थांबली हो! चौदा माणसं, अर्धा तास, चिडीचूप! का, म्हणून एकानेही विचारलं नाही. आठ वर्षं झाली मला अमेरिकेत, घसा फोडून खरं सांगत आलो, पण माझं इतकं मुकाट्याने कुणी कधी ऐकलं नव्हतं.